उजेडाला धरलेली पाकिटं

मी सुरतेत होमिओपॅथीच्या औषधांचा ठोक व्यापारी आहे. पर्वत पाटियाजवळ दुकान आहे. काचेच्या रिकाम्या बाटल्या, साखरेच्या गोळ्या, औषधांची द्रावणं, असा सगळा माल मी डॉक्टरांना पुरवतो. संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा बाटलीवाल्यांशी केलेल्या घासाघिशीचे किस्से येतील असं त्यांना वाटलं असणार. किस्से भरपूर आहेत. "शेठ, छेल्लो भाव बोलो," असं म्हणणारा बाटलीवाला शेवटचा भाव कधीच सांगत नाही, आणि मीही तो कधी मानत नाही. एका कारखानदाराने तर माझा आवाज ऐकून पंखा बंद केला होता, म्हणाला, आता वाऱ्याची गरज नाही.

पण मी लिहिणार आहे ते एका टेबलाबद्दल, जिथं माझी घासाघीस दोन वाक्यांतच संपली. त्या टेबलाची भीती वाटावी इतकं ते साधं होतं.

मी मूळचा पारोळ्याकडचा. सुरतेला आलो तो ग्रे कापडाच्या चेकिंगला. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं, अजून रंग न चढलेलं कापड. काचेचं टेबल असतं, खाली ट्यूबलाइट जळत असते, आणि वरून ताका, म्हणजे कापडाचा तागा, ओढत न्यायचा. कुठं तार तुटलीय, कुठं तेलाचा डाग आहे, ते उजेडात दिसतं. चांगला ताका 'फ्रेश', खोटीचा 'सेकंड'. अकरा वर्षं मी हेच केलं. माणसाला एवढी सवय लागते की घरी पोळीसुद्धा खिडकीकडे धरून बघतो. बायको म्हणायची, "पोळीमा तार तुटेल शे का?"

त्या धुरळ्यात मला शिंकांचा त्रास सुरू झाला. डिंडोलीत एक होमिओपॅथ होते, आमच्याच खानदेशातले. सगळे त्यांना अप्पा डॉक्टर म्हणायचे. त्यांच्या औषधाने मला बरं वाटलं. औषधानेच वाटलं का, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. मी त्यांच्यासाठी मुंबईहून औषधं आणायला लागलो, मग त्यांच्या दोन मित्रांसाठी, मग चेकिंग सोडलं. आज जे काही आहे ते अप्पांच्या ओसरीवरून सुरू झालं. माझ्या रागाला सगळं सुरत घाबरतं, पण अप्पांपुढे माझा आवाज चढत नाही.

अप्पांची एक इच्छा होती. माग चालवणाऱ्यांच्या सकाळच्या शिंकांवर त्यांचं एक ठरलेलं औषध होतं. ते खरंच लागू पडतं की नाही, हे शास्त्राच्या रीतीने तपासायचं. एका होमिओपॅथी कॉलेजातले प्राध्यापक तयार झाले. रीत अशी: निम्म्या रोग्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसत्या गोळ्या. दोन्हींवर स्पिरिट टाकायचं, म्हणजे वासही सारखा. बाटल्यांवर 'अ' आणि 'ब'. कोणती खरी, हे रोग्याला माहीत नाही, अप्पांनाही माहीत नाही. माहीत फक्त प्राध्यापकांना आणि मला, कारण बाटल्या माझ्या दुकानात भरल्या गेल्या. 'अ' खरी होती.

कुणाला कोणती बाटली, हे नशिबावर सोडायचं होतं. प्राध्यापकांनी संगणकाकडून यादी काढली आणि पाकिटं पाठवली. प्रत्येकावर क्रमांक, आत चिठ्ठी, चिठ्ठीवर एक अक्षर. रोगी आला की अप्पा आत तपासणार, मी बाहेर पुढच्या क्रमांकाचं पाकीट फोडणार आणि आतल्या अक्षराची बाटली देणार. अप्पा म्हणाले, "भास्कर, तुझ्याशिवाय हे कुणाकडे देऊ?"

पाकिटं स्वस्तातली होती. ती मी घेतली नव्हती, मी घेतली असती तर जाड घेतली असती, एवढं नमूद करतो.

पहिले दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी एक बाई आली. नवरा गेलेला, स्वतः बॉबिन भरायचं काम करायची. म्हणाली, "भाऊ, माले रातभर नीज येत नही. सकाळी शिंका थांबतच नहीत." माझ्या हातात पाकीट होतं आणि डोक्यावर ट्यूबलाइट. हात आपोआप वर गेला. आत 'ब' स्पष्ट दिसला. या बाईला साखर देऊन पाठवायचं माझ्या जिवावर आलं. मी ते पाकीट खाली सरकवलं, पुढचं बघितलं, 'अ' होता, तो फोडला.

मग ते होतच गेलं. बिचारं दिसलं, वेळेवर येणारं वाटलं, औषध नीट घेईल असं वाटलं, की 'अ'. दारूचा वास आला, उर्मट बोलला, की 'ब'. एकदा रमणभाई आला, आमच्या जुन्या कारखान्यातला फोल्डिंग मास्तर. मी फ्रेश म्हणून पास केलेले ताके या माणसाने शेठसमोर सेकंडमध्ये काढले होते आणि माझा पगार कापवला होता. त्याच्या पाकिटात 'अ' निघाला. मी तो परत ठेवला. "केम भास्करभाई, मजामा?" असं विचारत तो साखर घेऊन गेला. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

हे सगळं करताना आपण काही बिघडवतो आहोत, असं मला एकदाही वाटलं नाही. कापड बघून छाटायचं, हेच तर माझं शिक्षण.

निकाल चांगला आला. औषध घेणाऱ्यांच्या शिंका साखरवाल्यांपेक्षा बऱ्याच कमी झाल्या. एका नियतकालिकात निबंध छापून आला. त्यात अप्पांचं नाव, प्राध्यापकांचं नाव, आणि शेवटी 'स्थानिक सहकार्याबद्दल आभार'. ते स्थानिक सहकार्य म्हणजे मी. बाटल्या माझ्या, गोळ्या माझ्या, तीन महिने दुकान सोडून बसलो मी. ते तीन शब्द मला अजून टोचतात आणि हे लिहूनही टोचायचे थांबणार नाहीत. अप्पांनी मात्र तो निबंध टेबलाच्या काचेखाली ठेवला. रोग्यांना बोट ठेवून दाखवायचे, "हे नुसतं माझं म्हणणं नाही, तपासलेलं आहे."

यानंतर काही वर्षांनी, म्हणजे अलीकडेच, एक ई-मेल आली. अप्पांची ई-मेल माझ्याच दुकानात उघडते. शिंकांच्या विकारावर होमिओपॅथीच्या ज्या काही चाचण्या जगभरात झाल्या, त्या सगळ्या गोळा करून एक मोठा आढावा लिहिला जात होता. त्या गटातल्या एक डॉक्टर सुरतेतच एका मेडिकल कॉलेजात शिकवतात, त्यांनी लिहिलं होतं. पाकिटांमधून आतलं दिसत होतं का, ती क्रमाने उघडली का, कुणी उघडली, एवढे तीन प्रश्न. शेवटी एक वाक्य: समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर ही चाचणी आढाव्यात घेता येणार नाही.

मी प्रश्न वाचलेच नाहीत. शेवटचं वाक्य वाचलं आणि त्या मेडिकल कॉलेजात जायला स्कूटर काढली.

अप्पांना हे आधी कळू द्यायचं नव्हतं. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस. जन्मभर लोकांनी त्यांना साबुदाण्याच्या गोळ्यांचे डॉक्टर म्हटलं. हा एक निबंध होता, जो त्यांच्या बाजूने बोलत होता. तो जगाच्या यादीत गेला तर त्यांचं सार्थक, आणि वगळला तर काचेखालचा कागद नुसता कागद. मी ठरवलं होतं की चाचणी आत घेतल्याशिवाय त्या खोलीतून उठायचं नाही.

पत्र लिहिणाऱ्या डॉक्टर, वानखडे मॅडम, यवतमाळकडच्या निघाल्या. चाळिशीच्या, केसांना कागदाची क्लिप लावलेली. मी उभ्यानेच सुरू केलं. तुम्ही ॲलोपॅथीवाले, आमचं नाव दिसलं की बाहेर काढता, आधी ठरवून बसता.

"आधी ठरवून बसतो, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "बसा तर खरं. काहून तापता भाऊ? पाणी घ्या."

त्यांनी एक छापलेला कागदांचा जुडगा पुढे केला. आढाव्यात कोणत्या चाचण्या घ्यायच्या आणि कोणत्या नाही, याचे नियम. एकही चाचणी शोधायच्या आधी ते लिहून सार्वजनिक नोंदवहीत दाखल केले होते, तारखेसकट. कुणीही उघडून वाचावं. नंतर एक शब्द बदलला तरी का बदलला ते जाहीर लिहावं लागतं.

"नियम तुम्हीच केले ना?" मी म्हटलं.

"हो. पण माल बघायच्या आधी केले. तुम्ही व्यापारी आहात. माल बघून नियम करणारा माणूस काय करतो, ते मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

मी बसलो.

त्या पुढचा तासभर दाखवत होत्या आणि मी बघत होतो. होमिओपॅथी आणि शिंका म्हणून जगभरातून जे जे सापडलं, छापलेलं, न छापलेलं, परक्या भाषेतलं, त्याचा आधी एकच मोठा ढीग करायचा. मग तो दोन माणसांनी वेगवेगळा वाचायचा. एक वाचक सुरतेत, दुसरा दुसऱ्या गावात. एकाने काय खूण केली ते दुसऱ्याला दिसत नाही. दोघांचं जुळलं नाही, तर तिसरा निवाडा करतो. निवडताना बघायचं ते एवढंच: तुलना होती का, वाटणी नशिबाने झाली का, ती कुणाला आधी कळली का. औषधाने गुण आला की नाही, यावरून निवड करायचीच नाही. त्यांच्या गटात तर निकालाची पानं काढून ठेवून मगच निबंध वाचायला देत होते.

"ही एक मी आत घेतली होती," त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "दुसऱ्याने नाही म्हटलं. तिसऱ्याने त्याचं ऐकलं. मी हरले."

"भांडला नाही?"

"भांडले ना. लेखी. ते भांडणही जपून ठेवलंय, हे बघा."

मी ते भांडण वाचलं. एकही शिवी नव्हती. मला असं भांडता येत नाही.

मग त्यांनी वगळलेल्यांची यादी दाखवली. प्रत्येक नावापुढे वगळण्याचं कारण. एकीत सगळ्यांनाच औषध दिलेलं, सगळ्यांना बरं वाटलं. पण शिंका ऋतू बदलला की अशाही कमी होतात, मग तुलना कशाशी करणार? एकच चाचणी दोन नियतकालिकांत दोन नावांनी छापलेली होती. रोग्यांची वयं, संख्या, महिने ताडून यांनी ती पकडली आणि एकदाच मोजली. एकच ताका दोन पार्ट्यांना विकलेला मी पकडलाय, पण तो ताका माझ्या हातात तरी होता. यांच्या हातात फक्त कागद होते.

"आणि ही," त्या म्हणाल्या. "यात औषध आणि साखर सारखीच ठरली. औषधाचा काही उपयोग नाही, असा निकाल."

"मग ती तर तुमच्या बाजूची."

"बाजू कोणती जी? सोमवारी आलेल्याला औषध, मंगळवारी आलेल्याला साखर, अशी वाटणी केली होती. म्हणजे कोण कशात जाणार हे दारातच कळतं. वगळली."

मी ती ओळ पुन्हा वाचली. पुढे तेच कारण लिहिलेलं होतं, दुसरं काही नाही. चाळीस वर्षं मी सुरतेच्या बाजारात काढली. दुसऱ्याचा माल सेकंडमध्ये काढणारे हजार बघितले. आपल्या उपयोगाचा ताका स्वतःच्या हाताने सेकंडमध्ये काढणारा एकही बघितला नव्हता. समोर पाण्याचा पेला होता, तो उचलायचंही मला सुचलं नाही. देवळात गाभाऱ्याशी माणूस गप्प होतो, तसा मी त्या लोखंडी टेबलाशी गप्प झालो.

तरी सवय जात नाही. मी म्हटलं, "बरं मॅडम. सगळी नको. अर्धे रोगी घ्या."

त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "अर्धे?"

"मग तळाला बारीक अक्षरात घ्या."

"भाऊ, तुमची चाचणी अजून बाहेर गेलीच नाही. बाकी सगळ्यात ती बसते. निबंधात फक्त 'पाकिटं वापरली' एवढंच लिहिलंय. म्हणून तर पत्र पाठवलं. पाकिटं जाड होती आणि क्रमाने फोडली, असं कळलं तर ती आत."

आता मी पहिल्यांदा ते तीन प्रश्न नीट वाचले.

"पाकिटांचं एवढं काय?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"लोक पाकीट उजेडाला धरून बघतात," त्या सहज म्हणाल्या. "वाईट माणसं नसतात हो. बहुतेक वेळा मायाळूच असतात. त्यांना वाटतं, या गरीब बाईला तरी खरं औषध मिळू दे. मग नीट वागणारे, औषध वेळेवर घेणारे एका बाजूला गोळा होतात, आणि दिवसभर धुरळ्यात उभे राहणारे, अर्धवट औषध सोडणारे दुसऱ्या बाजूला. शेवटी आपण औषध मोजलं, की पाकीट धरणाऱ्याची नजर मोजली, ते सांगता येत नाही."

रमणभाई दिवसभर फोल्डिंगच्या धुरळ्यात उभा राहायचा. त्याच्या शिंका कशा कमी होणार होत्या?

मी विचारलं, "समजा कुणी खोटं उत्तर लिहिलं, तर तुम्हाला कळतं?"

"नाही."

"रजिस्टर मागता?"

"या वेळी नाही मागितलं. तुम्ही लिहाल ते धरून आम्ही चालतो. फक्त खाली नोंदवतो, ही माहिती चाचणी करणाऱ्यांनी कळवली."

आयुष्यात एवढा सोपा सौदा मला कुणी दिला नव्हता. एक ओळ लिहायची आणि अप्पा आत. समोर पहारा नाही, दलाल नाही, जामीन नाही. एवढी मोठी यंत्रणा, एवढे नियम, एवढी डोळ्यांत तेल घालून केलेली निवड, आणि तिच्या एका टोकाला ती सगळी माझ्यासारख्या माणसाच्या शब्दावर टेकलेली. मला त्याचा राग यायला हवा होता. मी नमस्कार करून उठलो.

आठ दिवस मी उत्तर लिहिलं नाही. गिऱ्हाइकांवर ओरडलो. मग एका दुपारी डिंडोलीला गेलो. अप्पा एकटेच होते. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि ते वाचून होईपर्यंत थांबलो.

"चांगलं शे की," अप्पा म्हणाले. "लिही टाक. पाकिटं तूच फोडात ना क्रमाने?"

"अप्पा, मी पाकिटं उजेडाले धरीसन देखात."

त्यांनी चष्मा काढला. "कसाले?"

मी सगळं सांगितलं. ती बाई, रमणभाई, दारूचा वास, सगळं. माझ्या आयुष्यात मी एवढा वेळ खालच्या आवाजात बोललो नव्हतो. बाहेरच्या बाकावर एक रोगी येऊन बसला होता. अप्पांनी त्याला आत बोलावलं, झोप कशी येते, तहान लागते का, घरी कोण आहे, असं नेहमीसारखं सगळं विचारलं. मग बाटली हातात घेऊन ते थोडे थांबले. एरवी ते थांबत नसत. औषध दिलं, रोगी गेला.

"या कागदावर बोट ठेवून मी किती लोकांना सांगितलं," ते म्हणाले. आता ते अहिराणी सोडून मराठीत बोलत होते, परक्याशी बोलल्यासारखे. "म्हणजे औषधाचा गुण येतो की नाही, हे मला अजून माहीतच नाही."

"नाही, अप्पा."

"आणि तू ती उजेडाला धरली नसतीस तर कदाचित कळलं असतं."

मी म्हटलं, वानखडे मॅडमना काही कळणार नाही, रजिस्टर आपल्याकडेच आहे, तुम्ही म्हणाल तसं लिहितो. हे बोललो ते मी आज लपवत नाही. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी लिहिलंही असतं.

अप्पांनी कपाटातून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "लिही. पाकिटांतून आतलं दिसत होतं. माझ्या माणसाने ती बघून वाटली. क्रम पाळला गेला नाही. ही चाचणी आढाव्यात घेऊ नये."

"शेवटचं त्यांनी विचारलेलं नाही."

"मी सांगतोय."

मी लिहीत गेलो. 'बघून वाटली' इथं माझा हात अडला. मी म्हटलं, "अप्पा, 'काही वेळा बघून वाटली' असं लिहू का? खरंही आहे आणि जरा बरं दिसतं."

"किती वेळा?"

"ते मोजलं नाही."

"मग 'मोजलं नाही' असं लिही," अप्पा म्हणाले, आणि मी तसंच लिहिलं.